एक्केचाळीस जोडपी

"थे पानी बंद कर गा पह्यले! बंद कर म्हनलं ना!"

टँकरवाल्यानं मान वळवून पाहिलं, पण पाइप काही सोडला नाही. घाटंजीच्या बाजार समितीच्या आवारात सकाळपासून त्याला एकच काम होतं, धूळ दिसली की पाणी मारायचं. स्टेजपुढे मारून झालं, पंगतीच्या जागेवर मारून झालं, आणि आता तो कापसाच्या लिलावाच्या शेडमध्ये शिरला होता. तिथं एका कोपऱ्यात लोखंडी पाइप उभे करून, तीन बाजूंनी कापड लावून फोटोसाठी खोली केली होती. पाण्याचा ओघळ कापडाखालून आत शिरला आणि जमिनीवरच्या वायरीच्या बोर्डापासून हातभर अंतरावर थबकला.

इंदूबाई धावत बाहेर आली आणि टँकरच्या पाइपवर पाय देऊन उभी राहिली. पाणी थांबलं.

"काहून वो बाई? अध्यक्षायनंच सांगतलं, फुफाटा उडू देऊ नोको म्हनून."

"अध्यक्षायले काय सांगाचं थे मी पाह्यन. तू टँकर ने इथून. आत वायरी हायेत, लाइट हायेत. नव्या नवऱ्या बसनार हायेत तिथं. ओल्यात बसवू का त्याईले?"

टँकरवाला पुटपुटत निघून गेला. इंदूबाईनं कमरेला पदर खोचला, कोरडं पोतं आणलं आणि गुडघे टेकून ओघळ टिपायला बसली.

२००६ च्या एप्रिलमधला शेवटचा रविवार होता. आवारात सामुदायिक विवाह होता, एकूण एक्केचाळीस जोडप्यांचा. स्टेजच्या एका अंगाला बुद्धमूर्तीपुढे पांढऱ्या कपड्यांतली अकरा जोडपी त्रिशरण म्हणत होती, दुसऱ्या अंगाला अंतरपाट धरले होते. बंजारा तांड्यातली होती, गावातली होती, थेट मुकुटबनकडून ट्रॅक्टरनं आलेलीही होती. त्या वर्षांत कापसाचं असं काही होऊन बसलं होतं की घरी मांडव घालायची हिंमत फार थोड्या लोकांत उरली होती. मग गावोगाव समित्या झाल्या. घाटंजीच्या समितीचा अध्यक्ष होता पूनमसिंग राठोड, एका तांड्याचा माजी सरपंच, भरदार मिशांचा, माइक नसला तरी चालेल अशा आवाजाचा माणूस. प्रत्येक जोडप्याला फ्रेम केलेला एक मोठा फोटो द्यायचा, हे त्याच्याच डोक्यातून निघालं होतं.

समितीच्या बैठकीत एका फोटोवाल्यानं सांगितलं होतं, उन्हात ओळीनं उभे करतो, तासाभरात सगळे फोटो उरकतो. इंदूबाई मागच्या खुर्चीवर बसली होती. ती उठून उभी राहिली.

"उन्हात काढले तं डोयायच्या जागी काये खड्डे दिसतीन. तोंड वाकडं होते उन्हानं. यायच्या घरात पन्नास वर्सं हाच फोटो राह्यनार हाय, भाऊ. लाइट लावून, एकेक जोडी बसवून काढला पाह्यजे."

मग पूनमसिंग म्हणाला, "काढा तुमी. पन एक ध्यानात ठेवजा. लाइन चार वाजेलोग हाय. चारनंतर भारनियमन. चारच्या आत एक्केचाळीस झाले पाह्यजे. एक बी जोडी राह्यली तं थो मानूस मले जलमभर बोलन."

आता अकरा वाजत आले होते.

इंदूबाईचं वय चव्वेचाळीस. बसस्टँडजवळच्या उकंडा मास्तरच्या स्टुडिओत ती एकोणिसाव्या वर्षी झाडू मारायला लागली. मग बायका-पोरींचे केस नीट करून द्यायचं काम आलं, मग स्टुलावर बसलेल्या माणसाची हनुवटी सरळ करायचं, आणि मग लाइट. उकंडा मास्तरच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नसत. एकदा त्यानं वायर काढल्या काढल्या फ्लॅश उघडला होता. वायर काढली तरी आत करंट साठून राहतो, हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवशी घाई होती. म्हणून इंदूबाईला शिकवताना त्यानं पहिले सहा महिने कशाला हात लावायचा नाही तेवढंच शिकवलं. सातव्या महिन्यात कॅमेरा हातात दिला. पुढे मोतीबिंदूनं मास्तरची नजर गेली, तेव्हा त्यानं स्टुडिओ तिच्या स्वाधीन केला. पाटी अजून त्याच्याच नावाची होती. इंदूबाईला ती बदलावीशी वाटली नव्हती.

पण गेल्या तीन-चार वर्षांत कामाचं रूपच पालटलं होतं. हौसेनं फोटो काढायला कोणी येईना. यायचे ते अर्जाला लावायच्या फोटोसाठी. छोटे, चौकोनी, गंभीर चेहरे. कधी एखादी बाई जुना घरच्यांचा फोटो घेऊन यायची आणि त्यातल्या एका माणसावर बोट ठेवून म्हणायची, एवढा एकटाच मोठा करून द्या, हार घालायचा आहे. असे फोटो करून करून इंदूबाईचा जीव आंबून गेला होता. म्हणूनच ती त्या बैठकीत उठून बोलली होती. ब्याऐंशी माणसं, सगळी नव्या कपड्यांत, सगळी तिच्या लाइटसमोर. असा दिवस पुन्हा येणार नव्हता.

"अवो, झाडून झालं का?" तिनं विचारलं.

कापडामागून भीमराज उठला. तिचा नवरा. जिनिंगमध्ये तो बिजलीचं काम बघायचा. यंदा जिनिंगची यंत्रं महिनाभर आधीच थांबली होती, म्हणून तो बायकोच्या मदतीला आला होता. घरात शब्द चालायचा तो भीमराजचा. लाइटच्या आसपास मात्र तो गुमान तिचं ऐकत असे.

"तीनदा झाडलं, इंदू. तरी छतातून कापूस पडूनच राह्यला."

शेडच्या पत्र्याच्या सांध्यांत हंगामभराचा कापूस अडकला होता. वाऱ्याची झुळूक आली की त्याचे पुंजके तरंगत खाली येत. फ्लॅशच्या आतला बल्ब तापला आणि त्यावर असा पुंजका बसला, तर तो धुमसायला वेळ लागत नाही. आजूबाजूला तर सगळं कापडच होतं.

"वर चादर बांधा. लाइटपासून हातभर वर. लाइटाले टेकली नाई पाह्यजे."

तिनं दोन्ही फ्लॅश स्टँडवर चढवले, उजेड मऊ पडावा म्हणून त्यांना पांढऱ्या छत्र्या लावल्या. प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूनं भरलेल्या दोन-दोन पिशव्या टाकल्या. जुन्या पँटींचे पाय कापून तिनं त्या घरीच शिवल्या होत्या. वायरी कापडाच्या कडेनं फिरवल्या, जिथं माणसाचा पाय पडेल तिथं पट्टीनं चिकटवून वर सतरंजी अंथरली. मग ती बोर्डापाशी बसली आणि तिचा हात थांबला.

"विक्की!" तिनं हाक मारली.

मंडपाचा आणि लाइनचा ठेका विक्कीकडे होता. पंचविशीचा, गळ्यात जाड साखळी, कानाला मोबाइल.

"हा बोर्ड तुहा ना? तिसरी वायर कोठं हाय याची?"

"तिसरी?"

"अर्थिंगची."

विक्की हसला. "थे कोन लावते, मावशी? साऱ्या जिल्ह्यात मंडप टाकून राह्यलो मी. आजलोग कोनाले काई झालं नाई."

"झालं नाई म्हनून होनार नाई?"

"तुमी फोटो काढा ना. वायरीचं टेन्शन कायले घेता?"

इंदूबाई काही बोलणार, तेवढ्यात स्टेजकडून ताशा वाजला. लग्नं लागली होती. पाचच मिनिटांत शेडच्या तोंडाशी गर्दी उसळली. मुंडावळ्या, बाशिंगं, पांढऱ्या साड्या, आरशांच्या ओढण्या, घामेजलेले नवरदेव. आणि त्या सगळ्यांच्या पुढे पूनमसिंग. देवापुढून आला म्हणून अनवाणीच होता. पाणी मारलेल्या जमिनीवर त्याचे पाय चिखलात उमटत होते.

"काय वो बाई, अजून वायरीतच हाय का तुमी? पोरं-पोरी उन्हात तापून राह्यले! घाला बसवून पह्यली जोडी!"

इंदूबाई बोर्डाशेजारी गुडघ्यावर होती. तिथून तिला उभं राहणाऱ्याला न दिसणारी एक गोष्ट दिसली. विक्कीची वायर कापडाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पाइपाखालून आत आली होती. पाइप ठोकून बसवताना ती खाली चेमटली होती. वरचं रबर फाटलं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं, पाइपाला टेकलेलं.

पूनमसिंग आत डोकावण्यासाठी वाकला आणि आधारासाठी त्यानं त्याच पाइपाकडे हात नेला.

"हात मांगं!"

तिचा आवाज इतका मोठा होता की शेडमधलं ताशावाल्याचं टिपरू थांबलं. पूनमसिंगचा हात हवेतच राहिला. त्याच्या आयुष्यात बहुधा त्याच्या आईनंतर कोणी त्याच्यावर असं ओरडलं नव्हतं.

"पाइपाले हात लावू नोका. कोनीच लावू नोका. सारे मांगं सरा." ती सावकाश उठली. "अवो, टेस्टर आना."

भीमराज चपला घालून रबराच्या तुकड्यावर उभा राहिला आणि त्यानं टेस्टरचं टोक पाइपाला लावलं. आतला इवलासा लाल दिवा पेटला.

पुढच्या रांगेतल्या एका नवरीनं नवऱ्याची बाही धरली. पूनमसिंगनं आधी त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे, मग चिखलात रुतलेल्या आपल्या उघड्या पायांकडे. विक्कीचा मोबाइल खाली आला होता. तो धावतच गेला आणि त्यानं बाजार समितीच्या ऑफिसातलं मुख्य बटण पाडलं.

"मावशी," परत आल्यावर तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल खिशात टाकला.

पूनमसिंगचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आला होता. "किती टाइम लागते, बाई?"

"हे समदं काढून नवीन कराले दीड तास."

"चारले लाइन जाते."

"माहीत हाय मले."

"होतीन एक्केचाळीस?"

इंदूबाईनं बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "लाइट माह्या मनासारखे लागले तं होतीन. तसे नाई लागले तं मी एक बी काढनार नाई."

पूनमसिंग रांगेकडे वळून गरजला, "समद्यायनं जेवून घ्या पह्यले! फोटो जेवनानंतर!" आणि विक्कीला म्हणाला, "बाई सांगन तसं कर. एक शब्द बोलू नोको."

मग त्या शेडमध्ये जे काम झालं, ते पाहायला जेवण सोडून माणसं उभी राहिली. लोखंडी पाइप निघाले, त्यांच्या जागी बांबू आले. भीमराजनं ऑफिसच्या मीटरपासून तीन तारांची अखंड वायर आणली, कुठं जोड नाही. शेडच्या मागं विक्कीनं स्वतः कुदळ घेऊन अर्थिंगसाठी कमरेइतका खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा टाकला. मीठ कमी पडलं तेव्हा पूनमसिंगनं स्वयंपाकाच्या तंबूत माणूस धाडला, आणि आचाऱ्यानं कुरकुरत अर्धं पोतं दिलं. शेवटी खड्ड्यात पाणी हवं होतं.

"आता बलाव त्या टँकरले," इंदूबाई विक्कीला म्हणाली. "इथं मार म्हन, जेवढं मारायचं तेवढं."

टँकरवाला आला आणि त्यानं मन भरेस्तोवर पाणी मारलं.

एक वाजून वीस मिनिटांनी भीमराजनं एकेक करून सगळीकडे टेस्टर लावून पाहिला. स्टँडला, फ्लॅशच्या पत्र्याला, बोर्डाच्या कडेला. कुठंच पेटला नाही. इंदूबाईनं कॅमेरा गळ्यात घातला.

"पाठवा," ती म्हणाली.

पहिली जोडी पांढऱ्या कपड्यांतली होती. नवरदेव पोलिसापुढे उभा राहावा तसा ताठ. "श्वास सोड रे बाप्पा," इंदूबाई म्हणाली, "तुहं लगन झालं, परेड नाई." नवरी हसली, ती हसली म्हणून तोही हसला, आणि त्याच क्षणी छत्र्यांतून पांढरा उजेड फुलला. दुसरी जोडी. तिसरी. एका नवरदेवाला काळा चष्मा काढायचा नव्हता. त्याच्या काचेत लाइटची छत्री उमटते म्हणून इंदूबाईनं तो त्याच्या हातात धरायला दिला, आणि फोटो उलट झोकदार आला. मुकुटबनकडची एक नवरी इतकी लहानखुरी होती की नवऱ्याच्या खांद्यालाही लागेना. इंदूबाईनं त्याला बसवलं आणि तिला उभं केलं. दर जोडीला ती नाव विचारायची आणि नावानंच बोलायची. दर दहा जोड्यांनंतर भीमराज फ्लॅश थोडा वेळ बंद ठेवून निववायचा, तेवढ्यात ती पाण्याचा घोट घ्यायची, तोही बाहेर जाऊन.

मध्येच एका वरातीची मंडळी नाचत नाचत कापडावर येऊन आदळली. डावा स्टँड हलला, डुलला आणि वाळूच्या पिशव्यांवर परत सरळ झाला. खाली बसलेल्या जोडप्याला कळलंसुद्धा नाही.

तीन वाजायला पाच कमी होते. सत्ताविसावी जोडी आत आली. राजकुमार पवार आणि शीला, दोघं तांड्यातले. शीलाच्या ओढणीवर काचेचे गोल आरसे होते, जुने, हातानं टाके घालून बसवलेले. मागोमाग तिची आई मोतीबाई आली, तिच्या अंगावरही तसेच आरसे, दंडापर्यंत बांगड्या. आरसे बघून इंदूबाई मनात म्हणाली, लाइट वर घ्यावा लागणार, नाहीतर पोरीचा चेहरा हरवून नुसते ठिपकेच येतील. तिनं छत्री उंच केली, शीलाला थोडं तिरपं बसवलं.

"इकडं पाय, शीला."

फ्लॅश पडला. शीलानं डोळे घट्ट मिटले होते. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर तिनं बटण दाबायच्या आधीच मिटले, आणि इंदूबाईच्या लक्षात आलं की तिनं ओढणीचा काठ मुठीत आवळून धरला आहे. राजकुमार खाली बघत होता.

"काय झालं वो?"

मोतीबाई पुढे झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, इच्या बापाले मोटरीनं धरलं. दोन वर्सं झाले. हिरीवर स्टार्टरले हात लावला, थो तसाच राह्यला. ही भाकर घेऊन गेलती. इनंच पाह्यलं." तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "तवापासून घरात बटन दाबत नाई ही. दुसऱ्याले दाबाले लावते."

बाहेर रांगेत चुळबुळ सुरू झाली होती. "टाइम हून राह्यला वो!" कोणीतरी ओरडलं. अजून चौदा जोडपी बाकी होती. कापडाच्या फटीतून पूनमसिंगचं तोंड दिसलं, हातात घड्याळ. इंदूबाईला वाटलं, आता हा गरजणार. तो गरजलाही, पण मागं वळून.

"चूप राहा गा! बाईले काम करू द्या!"

इंदूबाईनं कॅमेरा खाली ठेवला. भीमराजला सांगून लाइटची पिन काढायला लावली आणि ती शीलासमोर मांडी घालून बसली.

"बराबर हाय तुहं," ती म्हणाली. "भ्यायचीच चीज हाय थे. मले बी भेव लागते. पंचवीस वर्सं झाले, रोज लागते. म्हनूनच सकायपासून एवढी मरमर केली आमी."

शीलानं पहिल्यांदा मान वर केली.

इंदूबाईनं पिन तिच्यापुढे धरली. "हे पाय. हे दोन करंटचे. हा मोठा, तिसरा. याची वायर शेडच्या मांगं जमिनीत गेली हाय, कंबरभर खड्ड्यात. लाइटमंदी आत काई बिघडलं, तं करंट तुह्या अंगात येत नाई. या वायरीनं जमिनीत जाते, अन् बटन आपोआप पडते."

शीला त्या जाड पिनेकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "बाबाच्या मोटरीले होती का हे वायर?"

इंदूबाईनं भीमराजकडे पाहिलं. उत्तर त्यानं दिलं, अगदी हळू. "नसन, माय. वावरात बहुतेक कोनी लावत नाई."

मोतीबाईनं पदर तोंडाला लावला.

"लावा थे," शीला म्हणाली. "पिन लावा. मले पाहू द्या."

भीमराजनं पिन लावली, टेस्टर स्टँडला टेकवून दाखवला. पेटला नाही. मग इंदूबाईनं स्टँडला हात लावला आणि तसाच ठेवला. शीला उठली. स्टँडपुढे अंथरलेल्या रबराच्या चटईवर दोन्ही पाय नीट ठेवून तिनं हात पुढे केला, मागं घेतला, पुन्हा पुढे केला आणि बोटांच्या पाठीनं स्टँडला स्पर्श केला. लोखंड गार होतं. बाकी काही नव्हतं.

"या लाइटाले मांगं एक बटन हाय," इंदूबाई म्हणाली. "दाबलं की उजेड पडते. तू दाब. तुले वाटन तवा."

शीलानं आईकडे पाहिलं. "याडी," तिनं आपल्या बोलीत आईला एवढीच हाक मारली. मोतीबाईनं मान हलवली. शीलानं बटण दाबलं.

पांढरा उजेड फुलला आणि तिच्या अंगावरच्या सगळ्या आरशांतून शेडच्या पत्र्यावर उडाला. ती दचकली, पण डोळे उघडे होते. तिनं पुन्हा दाबलं. पत्र्यावर पुन्हा उजेडाचे कवडसे नाचले. तिसऱ्यांदा तिनं ते बघण्यासाठीच दाबलं, आणि वर बघत हसली.

"बस आता," इंदूबाई म्हणाली, "माह्यासाठी ठेव थोडा."

शीला जागेवर बसली. फोटो निघाला तेव्हा ती हसत नव्हती. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, मान उंच, आणि ओढणीचे आरसे तिच्या चेहऱ्याभोवती मंद उजळले होते. पंचवीस वर्षांत इतकं नितळ काही आपल्या हातून उतरलं नव्हतं, हे इंदूबाईला बटण सोडता सोडताच कळलं. समितीनं ठरवलेलं नसतानाही तिनं मोतीबाईला लेकीशेजारी उभं केलं आणि आणखी एक काढला.

बाहेर पडताना शीला नवऱ्याला विचारत होती, "तुमच्या वावरातल्या मोटरीले हाय का थे तिसरी वायर?"

"पाहा लागन," राजकुमार म्हणाला.

"पाहा नाई. लावा लागन."

"लावू," तो म्हणाला, आणि मागं वळून त्यानं भीमराजला खड्ड्यात काय काय टाकलं ते विचारून घेतलं. कोळसा किती, मीठ किती. शेजारी उभे असलेले आणखी दोन नवरदेवही ऐकायला थांबले.

तीन वाजून सात मिनिटं झाली होती आणि चौदा जोडपी उरली होती. आता रांग विक्कीनं हातात घेतली. पुढच्या जोडीच्या मुंडावळ्या आधीच सरळ, घाम पुसलेला, नावं कागदावर लिहिलेली. ओल्या पायांचा कोणी दिसला की तो त्याला बाजूला घेऊन पाय पुसायला लावी. आत इंदूबाईला काळवेळाचं भान राहिलं नाही. जोडी यायची, तिचा हात आपोआप छत्रीकडे जायचा, हनुवटी थोडी खाली, खांदा थोडा सैल, आणि उजेड. पस्तीस. अडतीस. चाळिसाव्या जोडीतला नवरदेव नाचून नाचून इतका दमला होता की बसल्या बसल्या पेंगायला लागला. नवरीनं त्याला कोपरानं ढोसलं, आणि त्या ढोसण्याचाच फोटो निघाला.

एक्केचाळिसावी जोडी उठली तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती.

"एक्केचाळीस!" विक्की शेडच्या दारात उभा राहून ओरडला. "समदे झाले! एक्केचाळीस!"

ताशेवाल्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. पंगतीतून बायका उठून आल्या. कोणी इंदूबाईच्या कपाळाला गुलाल लावला, एका म्हातारीनं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पूनमसिंगनं माइक घेतला. बरंच काही बोलणार असल्यासारखा त्यानं श्वास भरला, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आज या आवारातून एक्केचाळीस जोड्या सुखरूप घरी जाऊन राह्यल्या. मी बी जाऊन राह्यलो. बाईच्या मेहरबानीनं." लोक हसले आणि टाळ्या पडल्या. भीमराज मागं उभा राहून सगळ्यांत जोरात वाजवत होता.

इंदूबाईनं लाइटची बटणं बंद केली, पिना काढल्या, आणि आत उरलेला करंट निघून जावा म्हणून दोन्ही फ्लॅश एकदा-एकदा उजेड पाडून मोकळे केले. चार वाजता लाइन गेली. शेडमधला पंखा फिरत फिरत थांबला.

आवार हळूहळू रिकामं होऊ लागलं. ट्रॅक्टर सुरू झाले. तांड्याच्या बाजूनं नवरीचा ढावलो ऐकू आला, सासरी जाताना आईच्या गळ्यात पडून म्हणायचं ते लांब, ओढलेलं गाणं. मग तोही दूर गेला.

पूनमसिंग शेडमध्ये आला. "चला बाई, जीप उभी हाय. तुमचं जेवन झाकून ठेवलं. सामान पोरं उचलतीन."

"नाई भाऊ, इतक्यात नाई. बल्ब तापून लाल झाले. थंड झाल्याबिगर हात लावता येत नाई. पंधरा-वीस मिनिटं लागतीन. तुमी व्हा पुढं."

पूनमसिंगनं त्या दोन लाइटांकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी त्याला हाक मारत होतं. पंगतीची भांडी मोजायची होती, पाहुणे निघाले होते, पुसदच्या समितीचे लोक त्याला भेटायला थांबले होते. तो गेला नाही. कापूस मोजायचा जुना काटा भिंतीशी होता, त्याच्या लाकडी पाटावर तो बसला. डोक्यावरचा फेटा काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला.

इंदूबाई सतरंजीवर बसली होती, भीमराज तिच्याशेजारी. पत्र्यावरून कापसाचा एक पुंजका सुटला आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगत खाली आला. पुन्हा हाक आली. पूनमसिंगनं तिकडे न बघता हात वर करून थांबा म्हणून सांगितलं, आणि तो तसाच बसून राहिला, लाइट निवायची वाट बघत.